चौदा शब्दांची पोच

माझी नात माटुंग्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. गेल्या महिन्यात तिची परीक्षा होती, विषय नेटवर्किंग. अभ्यास करताना तिला समोर एक असा माणूस लागतो, ज्याला त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही. त्याला समजावता समजावता तिचं पाठ होतं. आमच्या काळाचौकीच्या घरात त्या जागेवर माझी बिनविरोध निवड झाली.

"आजोबा, तुम्ही फक्त ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही," असं बजावून तिनं वही उघडली.

मी शिस्तीत ऐकत होतो. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते कसं, इथपासून सुरुवात होती. निरोप नुसता उचलून फेकत नाहीत. त्याच्या डोक्यावर आधी पत्ता लिहितात, कुठून आला आणि कुठे जायचा. मोठा असेल तर तुकडे करतात, तुकड्यांना नंबर देतात. वाटेत यंत्रं असतात, ती पत्ता बघून पुढे ढकलतात.

"आणि त्या वाटेतल्या यंत्राला अख्खी वाट ठाऊक नसते," मी म्हणालो. "पुढे कुणाच्या हातात द्यायचं, तेवढंच ठाऊक असतं."

तिनं मान वर केली. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पुढे वाच."

पुढे असं होतं, की एकाच तारेवर चार यंत्रं असली आणि दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली, तर काय. मी म्हणालो, दोघांचेही निरोप नासतात. दोघांनी गप्प बसायचं आणि एकानं दुसऱ्यापेक्षा थोडं जास्त थांबायचं, नाहीतर पुन्हा तेच. मग वाटेत निरोप बिघडला नाही हे कसं ओळखायचं. मी म्हणालो, पाठवणारा एक आकडा सांगतो, घेणारा मोजून बघतो, जुळलं नाही तर पुन्हा मागतो. आता तिनं वही मिटली.

"आजोबा, तुम्ही गुपचूप माझं पुस्तक वाचताय."

मी मिशीत हसत होतो. त्या वयाच्या पोरीला गार करायला मिळालं की म्हाताऱ्याला जेवण चांगलं जातं. मग ती पोचेवर आली. निरोप मिळाला की घेणारा उलट एक बारीकसा निरोप धाडतो, मिळालं म्हणून. "ती पोच आली की पाठवणाऱ्याला कळतं, आपला निरोप पोचला. विषय संपला."

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"पोच आली म्हणजे यंत्राला मिळालं. माणसाला मिळालं असं कोणी सांगितलं तुला? विषय संपला म्हणे. कसा संपला?"

माझा आवाज चढला होता. नातीनं माझा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. ती बारीक तोंड करून म्हणाली, "पुस्तकात तसंच आहे, आजोबा." मी उठलो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. ती पास झाली, पेढे आणले, पायाही पडली. पण त्या दिवसाचं काय, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिच्या आजीलाही सांगितलं नव्हतं. ती गेली, हे न कळताच गेली. आता ऐंशी जवळ आली. तोंडानं सांगणं मला जमायचं नाही, म्हणून लिहितो.

मी तार ऑफिसात होतो. म्हणजे नातीच्या भाषेत वाटेतलं यंत्र होतो.

माझी आई मी रांगत असताना वारली. मला वाढवलं थोरल्या बहिणीनं. तिला मी बाय म्हणत असे. बायचं लग्न लहानपणी झालं आणि कुंकूही लहानपणीच गेलं. ती माहेरी परत आली आणि तेव्हापासून तिला जगात मीच एक काम होतो. आमच्या गावात इंग्रजी शिकलेले दोघेच, शाळेचे मास्तर आणि मी. मी शिकलो तो बायच्या हट्टानं. पहाटे शेण काढायचं काम माझं होतं, ते तिनं स्वतःकडे घेतलं आणि मला कंदिलापुढे बसवलं. झोप आली तर चिमटा काढायची. मॅट्रिक झालो, मुंबईला आलो, तार ऑफिसात लागलो. गावातले लोक म्हणाले, पोरगा सरकारात लागला. बायला सरकारशी देणंघेणं नव्हतं. तिला तारेचं अप्रूप होतं.

पहिल्या सुट्टीत गेलो तेव्हा ती चुलीशी बसून विचारत होती, "म्हणजे हयसून कोणी तार केली, ती तुझ्याच हातात येतली?"

"सगळ्यांच्या येतात. माझ्या हातात येईलच असं नाही, बाय."

"माझी येतली," ती म्हणाली. मी हसलो आणि म्हणालो, "बरं, तुझी माझ्याच हातात येईल." तेवढ्यावर ती खूश झाली आणि विहिरीवर चार बायकांना सांगून आली, की माझो भाव तारेत आसा, माझी तार तोच घेतलो. मी तिला चिडवत असे की तू मेल्यावर तार करणार कोण. असलं बोलायला तेव्हा जीभ अडखळत नसे.

मुंबईत मी लालबागला राहत होतो. चाळीत आमच्या गावची एक खोली होती. एका खोलीत चौदा-पंधरा पुरुष, सगळे एकाच गावचे, सगळे गिरणीत, मीच एकटा इस्त्रीच्या शर्टातला. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एका वेळी निम्मेच घरात असत आणि झोपायला जागा मिळे. खोलीचे कारभारी होते काका. नात्यानं कुणाचेच काका नव्हते, पण खोली त्यांच्या नावावर होती, पत्रं त्यांच्या नावावर येत, कोणी कुठे झोपायचं हे तेच ठरवत. मी त्यांना दोन वर्षं काकाच म्हणत आलो होतो. त्यांचं पूर्ण नाव इंग्रजीत कसं दिसतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. ही गोष्ट पुढे लागेल, म्हणून सांगून ठेवतो.

तारेचं काम शिकवायला आम्हाला एक साहेब होते, गिरगावचे. पांढरं धोतर, काळा कोट, बोलणं पुण्यासारखं स्वच्छ. त्यांच्या घरात तीन पिढ्या लेखणीवर जगलेल्या होत्या. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुम्हाला वाटतं तुम्ही इथे बातम्या पोचवायला आला आहात. तसं नाही. तुम्ही अक्षरं पोचवायला आला आहात. बातमी ज्याची आहे त्यानं वाचावी."

नातीला ज्या गोष्टी पुस्तकात मिळाल्या, त्या आम्हाला या माणसानं पट्टी आपटून शिकवल्या. तारेच्या डोक्यावर आधी कुठून निघाली, तिचा नंबर, शब्द किती, हे येतं. मग पत्ता, मग मजकूर, मग सही. तार लांबून आली तर वाटेत दोन-तीन ठिकाणी कोणीतरी यंत्राची खटखट ऐकून ती कागदावर उतरवून घेतो आणि पुढच्या तारेवर पुन्हा वाजवतो. उतरवली की शब्द मोजायचे. वर चौदा लिहिलंय आणि हातात तेरा आले, तर थांबवायचं आणि विचारायचं. आकडे असतील तर शेवटी ते पुन्हा वाजवून घ्यायचे. सगळं जुळलं की यंत्राच्या किल्लीवर एक अक्षर दाबायचं, आर. लहान ठोका, मोठा, लहान. म्हणजे मिळालं. समोरचा मोकळा झाला, तार आता आपली जबाबदारी.

आणि सगळ्यात मोठा नियम, वाचायचं नाही. साहेब मागून येऊन उभे राहत आणि तार उतरवून झाली की कागद झाकून विचारत, "काय लिहिलं होतं?" सांगता आलं तर शिक्षा. "अर्थाकडे गेलात की हात अर्धा क्षण थांबतो. अर्ध्या क्षणात दोन अक्षरं जातात. आनंदाची असो की दुःखाची, तुमच्यासाठी ती खटखट आहे." यंत्राच्या मागे आम्ही सिगरेटचा रिकामा पत्र्याचा डबा लावत असू, खटखट खणखणीत ऐकू यावी म्हणून. कानातून आलेली अक्षरं सरळ हातात उतरायची, जांभळी उमटणाऱ्या पेन्सिलीनं. मधलं डोकं मोकळं. त्या वेळी मी मनात गावची फणसाची झाडं मोजू शकत असे, आणि कागदावर कुणाचं लग्न ठरत असे किंवा मोडत असे.

मी या विद्येत सगळ्यांत हुशार निघालो. साहेब दुसऱ्यांना माझे कागद दाखवत. मला त्याचा गर्व होता. माझ्या नातीच्या पुस्तकात हाच नियम आहे, खालच्या थरानं वरच्या थराचं पाकीट फोडायचं नाही. ते वाचताना तिला तो फार सुंदर वाटला. मलाही वाटला होता.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही अशी बातमी आली आणि गिरणगाव उठलं. काका आणि खोलीतले सगळे मोर्चाला गेले. मी कामावर गेलो, कारण माझी सोमवारची पाळी होती. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, आणि जे ऑफिसात होते ते ऑफिसातच राहिले. टेबलांवर पथाऱ्या, पाव आणि चहा. बाहेर गेलेले परत येऊ शकत नव्हते, म्हणून दोघांचं काम एकेकावर आलं.

आणि तारांचा पूर. अख्ख्या कोकणाला, घाटाला, देशाला मुंबईत कोणी ना कोणी होतं, आणि सगळ्यांना एकच विचारायचं होतं, वायर वेलफेअर. खुशाली कळवा. दहातल्या नऊ तारांत तेच. लालबाग, परळ, चाळ अमुक, खोली तमुक, वायर वेलफेअर. मी शब्द मोजत होतो, आर दाबत होतो, कागद टोपलीत टाकत होतो. त्या चार दिवसांत किती कागद लिहिले कोण जाणे. एकही चुकला नाही. हे मी तेव्हा अभिमानानं म्हणत होतो.

उतरवलेल्या तारा वाटायला सायकलवाले शिपाई असत. लालबागकडे सायकल जाऊ शकत नव्हती. त्या भागाच्या तारा एका लाकडी खोक्यात साठत गेल्या. खोका माझ्या टेबलापासून दहा पावलांवर होता. चहाला जाता येता मी त्यावर कोपर टेकवून उभा राहत असे.

बायचं एक कार्ड त्याच्या आठवडाभर आधी आलं होतं. मास्तरांच्या अक्षरात, थोडी कसर आहे, काळजी नको, तुझी तब्येत सांभाळ. त्याची पोच मी दिली नव्हती. आज लिहू, उद्या लिहू, असं चाललं होतं. परक्यांना दिवसात शेकडो पोचा देणारा मी, घरच्या कार्डाला दोन ओळी लिहायला आळस करत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

शुक्रवारी दुपारी संचारबंदीला ढील मिळाली. वरच्या साहेबांनी विचारलं, लालबागला कोण राहतं. मी हात वर केला. त्यांनी मला पास दिला आणि खोक्यातल्या तारांचा गठ्ठा दिला. शिपाई जाईपर्यंत आणखी दिवस मोडेल, तू घरी जातोच आहेस तर वाटत जा. मी गठ्ठा पिशवीत घातला आणि चालत निघालो. रस्त्यावर विटांचे तुकडे होते, दुकानं बंद होती, आणि मला चार दिवसांनी मोकळी हवा लागली म्हणून बरं वाटत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण लोक हसत वापरतात. ती ऐकली की मी अजून खोलीतून उठून जातो.

मी चाळीचाळींतून तारा देत गेलो. लोक तार बघितली की आधी रडत आणि मग विचारत काय आहे. मी तोंडानं सांगत गेलो, खुशाली विचारलीय, घाबरू नका. मोठा उपकार करत असल्यासारखा. शेवटी आमच्याच चाळीचे दोन कागद उरले. एक तळमजल्यावर दिला. दुसऱ्यावर खोलीचा नंबर आमचा होता.

मला भीती वाटली नाही. मला वाटलं, काकांच्या घरून आहे. वर गेलो. खोलीत त्या दिवशी सगळे होते, कारण गिरण्या बंद होत्या. मी म्हणालो, "काका, तुमची तार." काकांनी कागद घेतला, वरखाली पाहिला, डोळ्यांजवळ धरला. ते अंगठेबहाद्दर होते. मग माझ्या हातात परत दिला.

"वाच रे बाबा. कोणाचा काय ता."

मी वाचली. त्या दिवशी ती पहिल्यांदा वाचली. सिस्टर सिंकिंग सेंड ब्रदर इमिजिएटली, खाली मास्तर. मी मोठ्यानं मराठीत सांगितलं, "बहीण शेवटच्या घटकेला आहे, भावाला ताबडतोब धाडा."

खोलीतल्या सगळ्यांना बहिणी होत्या. सगळ्यांच्या तारा मास्तरच लिहीत. एकानं हळूच विचारलं, "कोणाची भैण?"

मीही तेच विचार करत होतो, कोणाची. हे खोटं वाटेल, पण मी खरंच चेहऱ्यांकडे बघत होतो, की यांच्यातल्या कोणाला सावरायला लागणार. काका मात्र माझ्याकडे बघत होते. माझं कार्ड त्यांच्याच पत्त्यावर आलं होतं, मी त्यांनाही ते वाचून दाखवलं होतं, थोडी कसर आहे म्हणून.

"बाय," काका म्हणाले.

मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. तेव्हा मला अक्षर दिसलं. जांभळं, सरळ, एकाही ठिकाणी खोडलेलं नाही. वर चौदा शब्द, बाजूला मोजल्याची टिचकी. खाली वेळ, मंगळवार सकाळ, आणि माझ्या नावाची दोन आद्याक्षरं.

त्या मंगळवारी मी काय करत होतो हे आठवायचा मी फार प्रयत्न केला आहे. ही तार उतरवताना मनात काय होतं. फणसाची झाडं होती, की चहा. काकांचं नाव मी अक्षर अक्षर लिहिलं होतं, खोलीचा नंबर लिहिला होता, चाळीचं नाव लिहिलं होतं. सिस्टर लिहिलं होतं. मग चौदा मोजले आणि आर दाबला. मिळालं.

खोलीतल्या कोणाला मी हे सांगितलं नाही. काकांनी कागद घडी करून माझ्या शर्टाच्या खिशात घातला आणि माझी ट्रंक स्वतः उतरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतल्या दोघांनी मला भाऊच्या धक्क्यावर आणून बोटीत बसवलं.

गावातलं शेवटी लिहीन. आधी परत आल्यानंतरचं उरकतो. महिन्याभरानं मी गिरगावला साहेबांच्या घरी गेलो. त्यांना एकट्यालाच हे कळेल असं मला वाटलं. तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, कागद नीट पाहिला, शब्दही मोजले असावेत. मग म्हणाले, "हे बघ, नियमाप्रमाणे तुझ्याकडून काहीही चुकलेलं नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं नाही. मी कागद उचलला आणि चहा न घेता जिना उतरलो. पुढे ते निवृत्त झाले, आजारी पडले, वारले; मी एकदाही गेलो नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, मूर्खा, घरच्या खोलीचा नंबर ओळखता आला नाही तुला, असं म्हणाले असते, तर मी त्यांचे पाय धरले असते. चूक नाही म्हणाले, मग मी ती ठेवायची कुठे. आता मला वाटतं, मी त्यांच्यावर उगाच डूख धरला. त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

नोकरी मी सोडली नाही. पण त्यानंतर मी प्रत्येक तार वाचली. हात मंदावला, बढत्या लांबल्या, नवी पोरं पुढे गेली. लोकांना वाटलं, हुशार होता, बहीण गेल्यावर ढेपाळला. मी प्रत्येक पत्ता वाचत होतो, प्रत्येक आई आणि प्रत्येक सिस्टर, कोणाची आहे ते बघत होतो. तीस वर्षं. माझी एकही आली नाही, कारण गावात माझं कोणी उरलं नव्हतं.

आता गाव.

बोटीतून पडावात, पडावातून वाळूत, आणि मग चालत. रविवारी सकाळी पोचलो. अंगणात शेणानं सारवलेलं होतं, आणि ते सारवण बायच्या हातचं नव्हतं, हे मला लांबूनच कळलं. ती शुक्रवारी सकाळी गेली होती. मी पिशवीत गठ्ठा घालायच्या आधी. मास्तर पुढे आले आणि त्यांनी माझा हात धरला. सोमवारी संध्याकाळी ते चालत तालुक्याला गेले होते, रात्र तिथल्या धर्मशाळेत काढून मंगळवारी पोस्ट उघडताच तार केली होती. खिडकीतला माणूस म्हणाला होता, गेली. त्याला पुढच्या ऑफिसची पोच आली होती, तेवढंच त्याला ठाऊक. मास्तरांनी घरी येऊन बायला सांगितलं, पोचली.

ते दोघेही खोटं बोलले नव्हते. पुढच्या ऑफिसानं त्याच्या पुढच्याला दिली, त्यानं मला दिली, आणि प्रत्येकानं मागच्याला सांगितलं, मिळालं. सगळ्या साखळीत एकही कडी तुटली नाही. माझ्या नातीनं परीक्षेत हे लिहिलं असतं तर पुरे मार्क मिळाले असते.

शेवटचे तीन दिवस शेजारची काकी बायपाशी होती. तिनं मला भाकरी वाढली आणि मी खात नाही असं बघून समोर बसली. मला विचारायचं होतं ते एकच. ती माझ्यावर रागावली होती का. तार मिळूनही मी आलो नाही, असं तिला वाटलं का. हे शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मी नुसतं विचारलं, "काय म्हणत होती?"

काकी म्हणाली, ताप चढला तरी शुद्ध होती. बुधवारी पाऊल वाजलं की दाराकडे बघायची. गुरुवारीही बघायची. गुरुवारी संध्याकाळी काकीच न राहवून बोलली होती, की तार पोचून दोन दिवस झाले, अजून पोराचा पत्ता नाही, मुंबईला गेलेली पोरं अशीच. तेव्हा बाय तिच्यावर तडकली होती. अंगात त्राण नसताना तडकली होती. काकीनं मला तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"तार त्येच्याच हातात पडली आसतली. येवक नाय म्हणजे बोट बंद आसतली."

यातलं पहिलं खरं होतं. दुसऱ्याची मी मुंबईला परतल्यावर धक्क्यावर जाऊन चौकशी केली. बुधवारची बोट वेळेवर सुटली होती.